गावाला वार्धक्य येते तेव्हा

कोकणातील गावांत शिमग्याच्या दिवसांत ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. पालखी खांद्यावर घेणे, ती नाचवणे हा तेथील पुरुषांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा मान आहे. आज मात्र असंख्य गावांत हा मान राखण्यासाठी मुंबई-ठाण्याहून येणाऱ्या गाड्यांची वाट पाहावी लागते. चाकरमानी आले की घरांची कुलुपे निघतात, अंगणे सारवली जातात, ढोलांचा आवाज पलीकडच्या डोंगरापर्यंत पोहोचतो. रजा संपली की कुलुपे पुन्हा लागतात आणि वाडीत मागे राहतात ती सत्तरी ओलांडलेली दहा-पंधरा माणसे. देवाच्या पालखीसाठी खांदे मुंबईहून बोलावता येतात, कारण होळीची तिथी पंचांगात आधीच छापलेली असते. ऐन आषाढात, रात्री दोन वाजता, एखाद्या आजारी वृद्धेला उचलून पाखाडीच्या पायऱ्यांवरून डांबरी रस्त्यापर्यंत न्यायचे असेल, तर खांदे कोठून आणायचे? हा प्रश्न आज कोकणासमोर उभा आहे. उद्या तो महाराष्ट्रातील बहुतेक जिल्ह्यांसमोर उभा राहणार आहे.

वार्धक्य माणसाला येते, हे सर्वांस ठाऊक आहे. अख्ख्या गावाला, तालुक्याला वार्धक्य येऊ शकते, ही जाणीव मात्र समाजात अद्याप रुजलेली नाही. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. त्याच दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, म्हणजे ४.८ टक्क्यांनी घटली. सिंधुदुर्गात ही घट २.२ टक्के होती. दुष्काळ नाही, भूकंप नाही, साथ नाही. तरीही माणसे कमी झाली. रत्नागिरीत त्या वेळी दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या. हा आकडा मुलीच्या जन्माच्या स्वागताचा द्योतक नव्हे. कर्ते पुरुष गावात नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. पुढची जनगणना २०२१ मध्ये व्हायची, ती वेळेवर झाली नाही. परंतु बंद घरे मोजायला जनगणना लागत नाही.

कोकण हे केवळ आधी पोहोचलेले उदाहरण आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील साठीपुढील नागरिक १० कोटी ३८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होते. केरळात हे प्रमाण १२.६ टक्के, गोव्यात ११.२ टक्के आणि महाराष्ट्रात ९.९ टक्के होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या लोकसंख्या निधीने मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या साहाय्याने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०५० पर्यंत देशातील दर पाच व्यक्तींपैकी एक साठीपुढची असेल. त्याच्या काही वर्षे आधीच पंधरा वर्षांखालील मुलांपेक्षा वृद्धांची संख्या अधिक झालेली असेल. यामागे दोन कारणे आहेत आणि दोन्ही समाजाच्या यशाची आहेत. स्वातंत्र्याच्या सुमारास सरासरी आयुर्मान तिशीच्या आसपास होते, ते आता सत्तरच्या घरात आले. दुसरीकडे कुटुंबे लहान झाली. महाराष्ट्रातील एकूण जननदर १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २.९ होता, २०१९-२१ च्या पाहणीत तो १.७ वर आला. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी तो २.१ असावा लागतो. ज्या पिढीने ‘हम दो, हमारे दो’ ही घोषणा मनापासून पाळली, तीच पिढी आज साठी-सत्तरीत आहे. तिच्या हाती एक-दोन अपत्ये आहेत आणि त्यांतील एखादे परदेशात आहे.

या सर्व बदलाचा वेग विलक्षण आहे. पासष्टीपुढील लोकांचे प्रमाण सात टक्क्यांवरून चौदा टक्क्यांवर जाण्यास फ्रान्सला शंभराहून अधिक वर्षे लागली. जपानला ती वाटचाल करण्यास सुमारे पंचवीस वर्षे लागली. पाश्चात्त्य देश आधी संपन्न झाले आणि मग वृद्ध झाले. भारताला तेवढी उसंत मिळणार नाही, हे स्पष्ट दिसते.

मराठी समाजात वार्धक्याची चर्चा निघाली की ती हमखास एका ठरावीक वळणाने जाते. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले आणि तेव्हापासून म्हातारपण म्हणजे कृतघ्न मुलांनी घराबाहेर काढलेला बाप, हे चित्र मनात घट्ट बसले. व्याख्यानमालांत, कीर्तनांत, कुटुंब मेळाव्यांत वृद्धाश्रमांची वाढती संख्या सांगितली जाते, पाश्चात्त्य जीवनशैलीला दोष दिला जातो, संस्कार कमी पडले असा निष्कर्ष निघतो आणि श्रोते डोळे पुसत घरी जातात. कृतघ्न मुले समाजात नाहीत असे कोणीच म्हणणार नाही. परंतु हे निदान सोयीचे आहे, अपुरे आहे आणि कोकणाच्या बाबतीत तर बरेचसे चुकीचे आहे.

कोकणचा मुलगा काही आज गाव सोडून गेलेला नाही. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५० च्या दशकात सुरू झाली. तेव्हापासून रत्नागिरी जिल्ह्याने गिरण्यांना, गोदीला, पोलीस दलाला, छापखान्यांना माणसे पुरवली. लालबाग-परळच्या चाळींत एकेका गावाच्या खोल्या असत. त्या गावचे पुरुष पाळीपाळीने तेथे झोपत आणि खानावळीत जेवत. घर मनीऑर्डरीवर चाले. म्हणजे मुलगा शे-दीडशे वर्षे गावाबाहेरच होता. तरीही त्या काळात वृद्धांचा प्रश्न या स्वरूपात उभा राहिला नाही. कारण मुलगा मुंबईला जाई, पण सून गावातच राही. भात लावणे, गुरे सांभाळणे, पोरे वाढवणे आणि त्यासोबत सासू-सासऱ्यांचे पथ्यपाणी, न्हाऊमाखू, अंथरुणाला खिळल्यावर त्यांची शुश्रूषा, हे सारे तिच्याकडे होते. ज्याला आज ‘आपली कुटुंबव्यवस्था’ म्हणून गौरविले जाते, तिचा दैनंदिन भार या एकट्या बाईच्या कमरेवर होता. तिला त्याचे वेतन नव्हते, रजा नव्हती, आणि नवऱ्याचा सहवासही वर्षातून महिनाभर.

गेल्या पन्नास वर्षांत ही सून मुलांच्या शिक्षणासाठी आणि संसारासाठी नवऱ्यापाशी गेली. आधी गिरणगावात, पुढे डोंबिवली, दिवा, नालासोपारा, विरार, बदलापूर असे जेथे परवडेल तेथे बिऱ्हाड झाले. यात तिने कोणता अपराध केला? पती-पत्नींनी एकत्र राहावे, मुलांना बाप रोज दिसावा, हे कुटुंबसंस्थेच्या दृष्टीने हिताचेच झाले. मात्र ती गेली आणि गावातील सेवेचे हात गेले. समाजाने तिच्या श्रमाची मोजदाद कधी केली नव्हती, त्यामुळे काय गेले हेही नीट कळले नाही. मुलगा गेला म्हणून दुःख झाले. प्रत्यक्षात पोकळी सुनेची होती. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, तेव्हा तिच्यामुळे माणसे गावी परततील अशी मोठी आशा होती. रेल्वेने येणे सुलभ केले तसे जाणेही सुलभ केले.

आता गावात राहिले आहे ते कोण? मुख्यतः वृद्ध स्त्रिया. स्त्रीचे आयुष्य पुरुषाहून सरासरीने अधिक, आणि लग्नाच्या वेळी ती नवऱ्याहून पाच-सात वर्षांनी लहान. त्यामुळे देशातील ज्येष्ठ स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या विधवा आहेत. पुरुषांत विधुरांचे प्रमाण त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. सेवा करण्यात जिची हयात गेली, तिच्या अखेरच्या काळात सेवा करायला कोणी नाही, असा हा हिशेब आहे. सातबाऱ्यावर दीर, पुतणे, चुलत पुतणे अशी वीस-पंचवीस नावे. त्यांतील निम्म्यांचा पत्ता लागत नाही. घराचे वासे बदलायचे तरी संमती कोणाची घ्यायची? वानर-माकडांच्या उपद्रवामुळे परसातली भाजीही हाती लागत नाही. आंब्याच्या बागा राखण्यासाठी नेपाळहून माणसे येतात, हे कोकणात आता नवल राहिलेले नाही. कलमांना राखणदार मिळतो, कारण त्यात उत्पन्न आहे.

यानंतरचा मुद्दा थोडा अप्रिय आहे, तरी तो मांडणे भाग आहे. कोकणातील गाव हे वाड्यांचे बनलेले असते आणि वाडी बहुधा एका जातीची, एका भावकीची असते. आजारपण, बाळंतपण, मयत, यांत धावून येण्याची रीत भावकीपुरती बांधलेली होती. भावकीत वीस घरे, घरात आठ-दहा माणसे होती, तोवर ती रीत पुरून उरली. आज वीसपैकी बारा घरांना कुलूप आणि उरलेल्या आठांत अकरा माणसे, अशा वाड्या ठिकठिकाणी आहेत. तिरडीला चार खांदेकरी लागतात. भावकीत चार धडधाकट पुरुष नसतील, तर पलीकडच्या वाडीतील माणसाला हाक मारावी लागते. आणि ती हाक मारताना कित्येकांचा पाय आजही अडखळतो. ज्याच्याशी तीन पिढ्या देवळातील मानपानावरून अबोला, त्याला बापाच्या मयताला कसे बोलवायचे? सामाजिक समरसता हा विषय आजवर विचारवर्गांत तत्त्व म्हणून मांडला गेला. म्हाताऱ्या होत चाललेल्या गावात तो रोजच्या गरजेचा विषय झाला आहे. भावकीचे पुरेसे हात उरलेले नाहीत. गावाचे हात एकत्र केले तरच पुरतील. बौद्धवाडीतील, कुणबीवाडीतील आणि ब्राह्मणआळीतील एकेकट्या राहणाऱ्या तीन म्हाताऱ्यांची काळजी निरनिराळी घेण्याइतकी चैन या गावांना यापुढे परवडणारी नाही.

शासनाकडून काय होते? योजना नाहीत असे मुळीच नाही. राज्याच्या श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत २०२३ पासून दरमहा १५०० रुपये मिळू लागले. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचा वाटा मात्र साठ ते एकोणऐंशी वयोगटासाठी २००७ नंतर दीर्घकाळ २०० रुपयांवरच गोठलेला राहिला, याची खंत पक्षीय चष्मा बाजूला ठेवून सर्वांनीच बाळगावी. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढील प्रत्येक नागरिकाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले. हे पाऊल निःसंशय मोठे आहे. परंतु ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. रोज सकाळी इन्सुलिन कोणी टोचायचे, न्हाणीघरात तोल गेला तर कोणी सावरायचे, डोळ्यांना दिसेनासे झाल्यावर रक्तदाबाची गोळी आणि झोपेची गोळी यांतला फरक कोणी सांगायचा, याचे उत्तर विम्यात नाही. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला. मात्र तिकीट मोफत झाले म्हणून वाडीच्या फाट्यावर गाडी येतेच असे नाही. निवृत्तिवेतन काढायला गेलेल्या म्हातारीच्या बोटांचे ठसे, साठ वर्षे शेण-माती आणि चूल यांत झिजलेले, यंत्राला ओळखू येत नाहीत. ती आहे, समोर उभी आहे. यंत्र मात्र ती नाही म्हणते.

याहून खोल अडचण शासनाच्या निकषांत आहे. आरोग्य उपकेंद्र किती लोकसंख्येला असावे? सपाट प्रदेशात पाच हजारांना एक, डोंगराळ भागात तीन हजारांना एक. प्राथमिक आरोग्य केंद्र तीस हजारांना, डोंगराळ भागात वीस हजारांना. शाळा पटावर चालते, एसटीची फेरी भारमानावर, बँकेची शाखा व्यवसायावर. सारे काही डोकी मोजून ठरते. वाढत्या लोकसंख्येच्या काळात हा नियम न्याय्यच होता. जेथे लोकसंख्या घटते आणि वृद्ध होते, तेथे मात्र तो उलटा चालतो. तरुण गेले, डोकी कमी झाली, म्हणून शाळा बंद. विद्यार्थी नाहीत म्हणून सकाळची फेरी बंद. आणि त्याच फेरीने तालुक्याच्या दवाखान्यात जाणारे चार म्हातारे घरीच. गावाची गरज वाढत असते नेमक्या त्याच वेळी सेवा काढून घेतली जाते. डोक्यांच्या संख्येबरोबर वयाचाही विचार निकषांत व्हावा, ही मागणी कोकणातील लोकप्रतिनिधींनी, पक्ष कोणताही असो, एकमुखाने करावयास हवी.

कायदाही आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचे पालनपोषण व कल्याण यासंबंधीचा कायदा २००७ साली झाला. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे न्यायाधिकरणात दाद मागता येते, दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो, आणि सांभाळण्याच्या अटीवर करून दिलेले बक्षीसपत्र अट मोडल्यास रद्द होऊ शकते. शहरांत, जेथे सदनिकेची किंमत कोटीत आहे, तेथे या शेवटच्या कलमाने अनेकांना आधार दिला. पण कोकणातील सत्तर वर्षांची बाई मुलाविरुद्ध प्रांताकडे अर्ज करील, ही कल्पनाच तिला सहन होणार नाही. शिवाय मुलगा पैसे पाठवतोच की! विरारला दोन खोल्यांत पाच माणसांचा संसार रेटून तो जमेल तेवढे पाठवतो, रोज रात्री फोन करतो, वर्षातून दोनदा येतो. तो आईला घेऊनही गेला होता. चौथ्या मजल्यावरच्या त्या खोलीत, जेथे दिवसभर दार बंद आणि ओळखीचे कोणी नाही, तिचा जीव रमला नाही. ती परत आली. अशा ठिकाणी दोषी शोधणारा कायदा काय करणार?

शहरी मध्यमवर्गाने हे वाचून कोकणाविषयी कळवळा बाळगावा आणि स्वतःला सुरक्षित समजावे, अशीही स्थिती नाही. पुण्याच्या कोथरूडमध्ये, मुंबईच्या विलेपार्ले-मुलुंडमध्ये, नागपूरच्या जुन्या वस्त्यांत अशी घरे आहेत की जेथे पैसा आहे, फोनवर नातवंडांचा चेहरा दिसतो, औषधे घरपोच येतात. पण रात्री छातीत कळ आली तर दार आतून उघडायला कोणी नाही. चाळीस वर्षांपूर्वी बांधलेल्या उद्वाहन नसलेल्या चार मजली इमारतींत गुडघे गेलेली माणसे महिनोन्‌महिने खाली उतरत नाहीत. कोकणातील वाडी आणि शहरातील सोसायटी यांत एवढाच फरक की वाडीत धूर निघाला नाही तर शेजारणीच्या ध्यानात येते.

ज्या समाजांनी या प्रश्नाला आधी तोंड दिले, त्यांच्याकडे पाहणे उपयुक्त ठरेल. जपानमध्ये २०२३ च्या गृहगणनेत सुमारे ९० लाख घरे रिकामी आढळली. घरात एकटेच मरून पडणाऱ्या वृद्धांसाठी त्या भाषेत ‘कोडोकुशी’ असा स्वतंत्र शब्दच तयार झाला. जपानी माणूस वडीलधाऱ्यांचा आदर करण्यात उणा नाही. तरीही हे घडले. तेव्हा त्या देशाने २००० साली चाळिशीपुढील प्रत्येकाच्या वर्गणीतून शुश्रूषा विमा उभारला. त्याच्याही आधीपासून तेथे स्वयंसेवी संस्थांनी एक प्रथा पाडली आहे. आपल्या वस्तीतील वृद्धाची सेवा केली की त्या तासांची नोंद होते. ते तास पुढे स्वतःच्या म्हातारपणी वापरता येतात, किंवा दूर गावी राहणाऱ्या आई-वडिलांच्या नावे वळवता येतात. म्हणजे मुलाने शहरात दुसऱ्याच्या वडिलांना दवाखान्यात न्यायचे आणि त्याच्या गावी कोणीतरी त्याच्या आईला न्यायचे. चाकरमान्यांच्या कोकणाला याहून चपखल बसणारी कल्पना शोधून सापडणार नाही.

जपान दूर वाटत असेल तर केरळ जवळ आहे. परदेशी गेलेल्या मुलांचा आणि मागे राहिलेल्या आई-वडिलांचा तो प्रदेश. तेथे कोळिकोडमध्ये १९९३ साली काही डॉक्टरांनी असाध्य रुग्णांच्या वेदनाशमनाचे काम सुरू केले. पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हाती गेले. रिक्षावाले, शिक्षक, दुकानदार, गृहिणी यांनी प्रशिक्षण घेतले. लहान लहान वर्गण्यांतून खर्च उभा राहिला. खाटेला खिळलेल्या माणसाच्या घरी परिचारिका आणि स्वयंसेवक ठरलेल्या वारी जाऊ लागले. २००८ मध्ये राज्य शासनाने त्यावर धोरण आखले आणि ग्रामपंचायतींना त्यात सहभागी केले. आधी समाज उभा राहिला, मागून शासन आले. महाराष्ट्रात हा क्रम बहुधा उलटा धरला जातो आणि मग दोन्ही येत नाहीत.

वस्तुतः कोकणाजवळ एक असे साधन आहे, जे केरळकडेही नव्हते. जवळजवळ प्रत्येक गावाचे मुंबईत ग्रामस्थ मंडळ आहे. त्याची घटना आहे, वर्गणी आहे, हिशेब आहे, दरवर्षी सभा होते. गिरणगावातील त्या सामाईक खोल्यांतून ही मंडळे जन्मली आणि त्यांनी काम थोडेथोडके केलेले नाही. गावोगावी शाळा, पाण्याच्या योजना आणि मंदिरांचे जीर्णोद्धार त्यांच्या वर्गणीतून झाले. परंतु गेल्या काही वर्षांत या मंडळांचा पैसा कोठे जातो, हे पाहिले तर सभामंडप, कमानी, फरशा, ध्वनिक्षेपक हीच यादी दिसते. देवालय सुंदर असावे, याबद्दल दुमत नाही. तथापि दोनशे माणसे बसतील असा सभामंडप ज्या गावात आहे, त्या गावात आठवड्यातून एकदा रक्तदाब मोजणारे कोणी नाही, ही स्थिती देवालाही रुचत नसावी. दहा गावांच्या मंडळांनी मिळून एक रुग्णवाहिका आणि तिचा चालक यांचा खर्च उचलणे, हे त्यांच्या ताकदीबाहेरचे खचित नाही. पटाअभावी रिकाम्या पडलेल्या शाळाखोल्या आहेत. तेथे दुपारचे एकत्र जेवण आणि चार तासांची सोबत एवढे जरी झाले, तरी एकट्या माणसाने चुलीवर भात टाकायचा कंटाळा करून चहा-बिस्किटांवर दिवस काढणे थांबेल. डॉक्टर ज्याला कुपोषण म्हणतात, त्याचे मूळ पुष्कळदा एकट्याने जेवण्यात असते.

हे काम करायचे कोणी? पहिला गट निवृत्त होऊन गावी परतलेल्यांचा. बेस्टमधून, महापालिकेतून, पोलिसांतून, शाळेतून साठीच्या सुमारास मोकळा झालेला माणूस गावी येतो, तेव्हा वाडीत तोच तरुण ठरतो. त्याच्या हाती निवृत्तिवेतन आहे, शहरातील कार्यालयांशी बोलण्याची सवय आहे आणि दहा-बारा वर्षांचे बळ आहे. आश्रमव्यवस्थेतील वानप्रस्थाचा अर्थ संसारातून अंग काढणे एवढाच घेतला जातो. आपल्या घरापुरता असलेला कर्तेपणा सोडून तो गावासाठी वापरणे, हा अर्थ आजच्या काळाला अधिक उपयोगी आहे. साठीच्याने ऐंशीच्याला सांभाळायचे. ज्येष्ठ नागरिक संघांची वीण महाराष्ट्रात इतर राज्यांच्या तुलनेत चांगली आहे. वाढदिवस, सहली आणि व्याख्याने यांच्या जोडीला त्यांनी हे काम घेतले तर त्यांची प्रतिष्ठा वाढेल. (सहलींना विरोध नाही. सहलीला येऊ न शकणाऱ्यांची आठवण असावी, इतकेच.)

परंतु केवळ स्वयंसेवेवर हे चालणार नाही, हेही कार्यकर्त्यांनी स्पष्टपणे मान्य करावयास हवे. अंथरुणात खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलणे, जखमा धुणे, नळीवाटे अन्न देणे हे कौशल्याचे आणि कष्टाचे काम आहे. सून ते विनामूल्य करीत होती म्हणून ते फुकटचे ठरले. म्हणूनच त्याला मोलही राहिले नाही. गावात अजूनही बारावी झालेल्या, काम शोधणाऱ्या मुली आहेत. त्यांना रुग्णशुश्रूषेचे रीतसर शिक्षण आणि मानाचे वेतन मिळाले, तर त्यांतील काही तरी मुंबईची गाडी पकडणार नाहीत. पैसे घेऊन केलेली सेवा ही सेवा कशी, असा प्रश्न काही जण विचारतील. देवळातील गुरव, पुरोहित, वैद्य यांना दक्षिणा देताना हा प्रश्न कोणी विचारला नाही. तो नेमका मुलींच्या बाबतीतच का सुचावा?

वृद्धांकडेही काही मागावे लागेल. सातबाऱ्याची वाटणी हयातीत करणे, मृत्युपत्र करून ठेवणे, पलीकडच्या वाडीतील हाताने दिलेला पेला स्वीकारणे, पाय घसरतो हे मान्य करून काठी घेणे. यातले शेवटचे सर्वांत अवघड असते, असे वृद्धांमध्ये काम करणारे सांगतात.

गणेशोत्सवात चाकरमानी गावी येतात, तेव्हा बहुतेक मंडळांची सभा देवळात भरते. मागील वर्षाचा जमाखर्च वाचला जातो, नव्या बांधकामाचे अंदाजपत्रक मांडले जाते. त्या सभेपुढे एक साधी यादी ठेवता येईल. गावात सत्तरीपुढील माणसे किती, त्यांतील एकटी किती, कोणाला कोणते औषध रोज लागते, रात्री-अपरात्री कळवायचे तर मुंबईतील कोणत्या क्रमांकावर, उचलून न्यायची वेळ आली तर जवळचे चार हात कोणाचे. अशी यादी फारच थोड्या गावांत आहे. दोन कार्यकर्ते एका दुपारी साऱ्या वाड्यांतून फिरले तरी ती पुरी होईल. पाऊस असला तर दोन दुपारी लागतील. प्रत्येक नावापुढे आणखी एक रकाना ठेवावा लागेल: दार आतून बंद असेल, तर दुसरी किल्ली कोणाकडे.